पार्श्वभूमी : एकच बिल्डिंग, शाळा मात्र तीन, आणि पटाचा घोळ

परळ-लालबाग पट्ट्यातल्या एका पालिका शाळेबद्दल सध्या बरीच चर्चा चालू आहे, पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या किती घसरली, निकाल कसा खाली आला, "आमच्या वेळी इथली पोरं स्कॉलरशिप काढायची, आताच्यांना धड वाचता येत नाही" वगैरे. त्यात कोणाचं किती खरं हे ठरवायच्या आधी मागचं थोडं माहीत असलेलं बरं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यापासून सगळं सांगत बसत नाही, प्राथमिक शिक्षण हे पालिकेचं बंधनकारक काम आहे एवढं धरून चाला.

मला नीट माहीत आहे तो गिरणी संपाचा काळ, कारण तेव्हा मी तिथेच होतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्या बंद झाल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि सहा-आठ महिन्यांत वर्गातले बाक रिकामे व्हायला लागले. तोपर्यंत मराठी वर्गात कोकणातली नाहीतर घाटावरचीच पोरं, सगळ्यांचे बाप पाळीला जाणारे, घरात खोली एकच पण बोली आणि पुस्तकाची भाषा तशी जवळची. पुढे कधीतरी दाखला काढायला गेलो तेव्हा मुख्याध्यापक बाईंनी जनरल रजिस्टर माझ्यासमोरच उघडलं, त्यात शेवटचा कॉलम शाळा सोडल्याच्या कारणाचा, आणि त्या दोन वर्षांच्या पानांवर वरपासून खालपर्यंत एकाच अक्षरात "गावी गेल्याने", "गावी गेल्याने", मधेच "वरीलप्रमाणे".

जे गेले नाहीत त्यांच्यातल्या ज्यांना जमलं त्यांनी धाकट्यांना खासगी इंग्रजी शाळेत टाकलं. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय आला, नंतर सेमी आलं, म्हणजे गणित आणि वर गेल्यावर विज्ञान इंग्रजीतून, तरी गळती काही थांबली नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि त्या टॉवरमध्ये वॉचमन, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बायका, बांधकामावरचे लोक, यांची मुलं या शाळेत आली. टॉवरमधली अर्थातच नाही आली. आता मराठी वर्गातसुद्धा घरी कन्नड, लमाणी, भोजपुरी बोलणारी मुलं सापडतात. ती हुशार नाहीत असं नाही, पण पहिलीतलं धडा वाचणं त्यांच्यासाठी आधी भाषा शिकणं आहे, हे निकालाच्या कागदावर कुठेच दिसत नाही.

खरा घोळ मात्र "शाळा" या शब्दाचाच आहे आणि तो बाहेरच्यांना कळतच नाही. रस्त्यावरून दिसते ती बिल्डिंग. पण पालिकेच्या हिशोबात माध्यम वेगळं की शाळा वेगळी, कारण पालिका आठ भाषांतून शिकवते, आणि पट जास्त असला की एकाच माध्यमाच्या क्रमांक १, क्रमांक २ अशा दोन शाळा, एक सकाळची आणि एक दुपारची, दोघींचे मुख्याध्यापक वेगळे, कपाटं वेगळी, घंटा एकच. आमच्या बिल्डिंगमध्ये अशा तीन होत्या. त्यामुळे "इतक्या शाळा बंद पडल्या" असं छापून येतं तेव्हा तिथे कुलूप लागलेलं असेलच असं नाही, बऱ्याचदा दोन क्रमांकांचा एक झालेला असतो. म्हणून पालिका म्हणते बंद नाही, विलीनीकरण, आणि पालक म्हणतात बंदच. मला विचाराल तर कागदावर पालिका बरोबर आहे, पण विलीन झाल्यावर एक मुख्याध्यापक कमी होतो, शिक्षक दुसरीकडे पाठवले जातात, वर्ग एकत्र होतात, मग पालक घाबरून आणखी दोन-चार मुलं काढतात, आणि पुढच्या वर्षी पट कमी म्हणून परत तेच. हे म्हणजे विहीर आटली म्हणून पोहरा काढून घेण्यासारखं झालं. त्यात २०२० नंतर सगळ्यांना "मुंबई पब्लिक स्कूल" नाव मिळालं, त्याच नावाखाली वेगळ्या बोर्डाच्या शाळाही निघाल्या ज्यांच्या ॲडमिशनला लॉटरी लागते, म्हणजे एका बाजूला रांग आणि दुसऱ्या बाजूला ओस, पाटी मात्र सारखीच.

निकालाची तुलनाही याच कारणाने फसते. पूर्वी चौथीला आणि सातवीला स्कॉलरशिप असायची, २०१७ पासून काही वर्षं ती पाचवीला आणि आठवीला होती. १ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला, नापास करणं बंद झालं, टक्क्यांऐवजी श्रेणी आल्या, आकारिक (वर्षभराच्या रोजच्या कामाच्या) आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या चाचणीच्या) नोंदी आल्या, आणि २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. म्हणजे १९८० चा टक्का, २०१५ ची श्रेणी आणि आत्ताचे मार्क एका रांगेत मांडताच येत नाहीत, वर मुलंही ती नाहीत आणि शाळाही ती नाही.

पटाचंही तसंच. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, खोटी नावं शोधायला, आणि ती गरजेचीच होती. पण आता शिक्षकांची पदं ठरवताना शाळेतली नोंद आधार कार्डाशी जुळलेलीच मुलं धरली जातात, आणि भाड्याच्या खोल्या बदलत फिरणाऱ्या घरांत आधारवर जन्मतारीख चुकलेली नाहीतर नावाचं स्पेलिंग वेगळं, असं हमखास असतं. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, त्यामुळे चार-पाच मुलं मोजणीतून गळली की एक पद जाऊ शकतं. मध्यंतरी तिसरीच्या वर्गात डोकावलो तर फळ्याच्या कोपऱ्यात नेहमीसारखं वार, दिनांक, पट, हजर लिहिलेलं होतं आणि त्याखाली बाईंनी आणखी एक ओळ वाढवली होती, "आधार बाकी", पुढे खडूच्या चार उभ्या रेघा.