शक्ती आधी बदलली ती विहिरीवर

महाराष्ट्राच्या शेतीत बैलाची जागा यंत्राने घेतली म्हटले की डोळ्यांपुढे ट्रॅक्टर येतो. प्रत्यक्षात हा बदल नांगरटीत नव्हे, तर विहिरीवर सुरू झाला आणि त्याचे कारण बैलाच्या कष्टांच्या हिशेबात आहे.

बैलजोडीची शक्ती साधारण एका अश्वशक्तीच्या आसपास असते, तीही दिवसाचे काही तासच. भारी काळ्या रानातली हरळी, कुंदा असे चिवट तण काढायचे तर लाकडी नांगराला तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढी जनावरे एका दावणीला क्वचितच असत, म्हणून सावड (आळीपाळीने एकमेकांच्या रानात बैल आणि माणसे देणे) आणि इर्जिक (जेवणावर गावकऱ्यांना बैलांसह कामाला बोलावणे). लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर आणला, तेव्हा अवजार बदलले, ओढणारा मात्र बैलच राहिला.

नांगरट वर्षातून काही दिवसांची. विहिरीचे पाणी उपसणारी मोट मात्र रब्बीपासून उन्हाळ्यापर्यंत रोजची. चामड्याची मोट विहिरीत बुडून भरली की बैल उतरत्या धावेवरून पुढे जात, नाड्यावर, म्हणजे जाड दोरावर, मोट वर येई, सोंदुराच्या, म्हणजे बारीक दोराच्या, ताणाने मोटेची सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, मोकळी होऊन पाणी पाटाला लागे आणि बैल पाठमोरे चालत पुन्हा विहिरीच्या काठाशी येत. उन्हाळ्यात पाणी खोल जाई तशी प्रत्येक खेप लांबे. म्हणजे पिकाची तहान सर्वांत मोठी असताना पाणी सर्वांत कष्टाचे आणि गंजीतला कडबा सरत आलेला. शिवाय उन्हाळी मशागतीलाही हेच बैल हवे असत. ही कोंडी मला या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटते.

ती आधी इंजिनाने फोडली. सातारा जिल्ह्यातील सातारा रोड या गावच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. हँडल मारून इंजिन सुरू करणे हे ताकदीचे काम होते, पण एकदा सुरू झाले की ते वैरण मागत नसे. मागे ते डिझेल, आणि ते रोखीने आणावे लागे. बैलाचा कडबा स्वतःच्या रानात पिके. शक्तीसाठी शेतकऱ्याला बाहेरच्या बाजाराकडे पाहावे लागले ते इथून पुढे.

१९६० मध्ये राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची वीजनिर्मिती सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत विहिरींवर मोटारी बसल्या. वीज डिझेलपेक्षा स्वस्त पडली, मात्र पाणी देण्याची वेळ आता तारेतून वीज केव्हा येते यावर ठरू लागली. रात्रीच्या पाळीत अंधारात, विंचूकाट्याच्या भीतीत दारे धरणे, म्हणजे पाटाचे पाणी वाफ्यावाफ्याला वळवणे, ही शेतकऱ्याच्या वाट्याला आलेली मोठी हालअपेष्टा आहे, आणि २०१९ च्या केंद्र सरकारच्या कुसुम योजनेतील सौरपंपांचे खरे मोल दिवसा मिळणाऱ्या पाण्यात आहे.

नांगरटीतला बदल सावकाश आला. महिंद्रने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. तरी तुकड्यांत विभागलेल्या जमिनीवर तो परवडू लागला तो बहुतांशी भाड्याने. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्याअभावी दावणी ओस पडल्या आणि बैलजोडी राखणे किती जड आहे, हे अनेक घरांना कळून चुकले. तरीही उभ्या पिकाच्या अरुंद तासांत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. कोळपणीला, म्हणजे ओळींमधले तण काढायला, बैल हवेच असतात, ते आता गावात सहज मिळत नाहीत, आणि म्हणून सायकलच्या चाकाचे कोळपे हाताने रेटणारा शेतकरी आजही अनेक शिवारांत दिसतो.