फेलो वेगळा, चेअर वेगळा

“सेक्शनचा चेअर म्हणून दोनदा काम केलं, आता फेलोचा अर्ज टाकतो.” मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरांकडून हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की एकदा सविस्तर लिहायलाच हवं. आय-ट्रिपल-ई (IEEE) या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या संदर्भात या वाक्यात दोन चुका आहेत. फेलो या तिथल्या सर्वांत वरच्या दर्जासाठी स्वतः अर्ज टाकता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी नामांकन करावं लागतं. दुसरी चूक जास्त महागात पडते: सेक्शनचा, म्हणजे स्थानिक शाखेचा, चेअर म्हणून केलेल्या कामावर फेलो मिळत नाही.

पदांबद्दल फार सांगायला नको. चेअर, सेक्रेटरी, ट्रेझरर. निवडून यायचं, ठरलेली मुदत काम करायचं, तेही नोकरी सांभाळून आणि बिनपगारी. व्याख्याते मिळवा, सभागृह बघा, कॉलेजांतल्या स्टुडंट ब्रँचेस जागत्या ठेवा, वर्षाचा हिशेब द्या. मुदत संपली की नावामागे ‘माजी’ लागतं. सेक्शन भौगोलिक आणि चॅप्टर विषयवार, एवढं लक्षात ठेवलं की तिथला गोंधळ संपतो.

दर्जा ही दुसरीच गोष्ट. मेंबर, सीनियर मेंबर, फेलो असे हे दर्जे आहेत. दर्जाला मुदत नसते आणि त्यासाठी सभासदांचं मतदानही होत नाही. तो तुमच्या व्यवसायातल्या कामाची नोंद असतो.

सीनियर मेंबरसाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याची वेगळी फी नाही. दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो (पदवीची तीन वर्षं त्यात धरतात), त्यातली पाच वर्षं उल्लेखनीय कामाची असावी लागतात, आणि तिघांच्या शिफारशी लागतात. वरची बरीच कार्यकारी पदं सीनियर मेंबर झाल्याशिवाय मिळत नाहीत. दर्जा आणि पद यांचा खरा सांधा एवढाच. पात्र असूनही आळसापोटी हा अर्ज न भरणारे इंजिनिअर पाहिले की मला राग येतो.

लोक घसरतात ते पुढे, फेलोपाशी. तिथे नामांकन कोणत्या गटात करायचं ते निवडावं लागतं: संशोधक, प्रत्यक्ष काम करणारा अभियंता, शिक्षक आणि ‘टेक्निकल लीडर’. हा शेवटचा शब्द वाचला की सेक्शनचे माजी चेअर खुलतात. नेतृत्व तर आपण केलंच आहे, असं त्यांना वाटतं. पण इथे अभिप्रेत आहे ते तांत्रिक कामाचं नेतृत्व. एखाद्या चमूकडून किंवा अख्ख्या कंपनीकडून नवं तंत्र उभं करून घेतलं, आणि त्याचा परिणाम त्या क्षेत्रात दिसला, असं नेतृत्व.

समजा महापारेषणमधली एक इंजिनिअर आहे. अठरा वर्षं उपकेंद्रांच्या संरक्षण यंत्रणेवर काम करते आणि संध्याकाळी सेक्शनची सेक्रेटरीही असते. चुकीच्या ट्रिपिंगचं (कारण नसताना वीजवाहिनी आपोआप बंद पडण्याचं) मूळ शोधून तिने रिले, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या उपकरणाच्या, सेटिंगची नवी पद्धत बसवली आणि ती पद्धत इतर राज्यांनी उचलली, तर नामांकनाचा कणा तो. तिने पन्नास व्याख्यानं भरवली, बंद पडलेला चॅप्टर पुन्हा उभा केला, ही सेवा नामांकनात एका कोपऱ्यात येते. तिला किंमत आहे, पण तांत्रिक योगदानाची उणीव ती भरून काढत नाही. एका वर्षातले नवे फेलो मतदार सभासदांच्या हजारात एकाहून जास्त नसतात, त्यामुळे तिथे सवलतीला जागाच नाही.

हा फरक आजचा नाही. 1963 साली दोन संस्था एकत्र येऊन आय-ट्रिपल-ई झाली, त्यातली जुनी 1884 ची, अमेरिकन विद्युत अभियंत्यांची. तिचे पहिले अध्यक्ष नॉर्विन ग्रीन शिक्षणाने डॉक्टर होते आणि वेस्टर्न युनियन ही तार कंपनी चालवत होते. नव्या संस्थेला वजनदार माणूस हवा होता, तो मिळाला. उलट एडिथ क्लार्क त्या संस्थेच्या अध्यक्ष कधीच झाल्या नाहीत, पण 1948 मध्ये तिथल्या पहिल्या महिला फेलो झाल्या. जनरल इलेक्ट्रिकमध्ये लांब वीजवाहिन्यांची गणितं सोपी करण्याचं काम त्यांनी केलं होतं. मोटर ड्राइव्हवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) काम करणारे आजही त्यांच्या नावाचं क्लार्क ट्रान्सफॉर्म हे गणिती रूपांतर वापरतात.

दोन्ही वाटा एकाच माणसाने चालू नयेत असं अजिबात नाही. आय-ट्रिपल-ईचे 2023 चे अध्यक्ष सैफुर रहमान व्हर्जिनिया टेकमधले वीजक्षेत्राचे प्राध्यापक, फेलो, आणि त्याआधी तिथल्याच पॉवर अँड एनर्जी सोसायटी या वीजक्षेत्राच्या विभागाचेही अध्यक्ष. पण त्यांचा दर्जा विषयातल्या कामावर आला आणि पदं निवडणुकीतून आली.

म्हणून बायोडेटात हे दोन्ही एका ओळीत कोंबलेले मला मुळीच चालत नाही. दर्जा तांत्रिक कामाशेजारी लिहावा. पदं वेगळ्या परिच्छेदात, सालांसकट, आणि त्या काळात काय उभं केलं ते एका वाक्यात. ‘चेअर’ हे पुरस्कारांच्या यादीत घालणं म्हणजे दोन वर्षं राबलेल्या माणसाने स्वतःचंच काम झाकणं. सेवेचा गौरव हवा असेल तर त्यासाठी वेगळे सन्मान आहेत. आय-ट्रिपल-ईचा हॅराडेन प्रॅट पुरस्कार संस्थेसाठी केलेल्या स्वयंसेवी कामासाठीच दिला जातो.

फेलोचंच मनात असेल, तर समितीतल्या सहकाऱ्यांच्या भरवशावर राहू नका. शिफारस करणारे फेलो तुमच्या विषयातले हवेत, तुमचं काम वाचलेले किंवा वापरलेले. अशी माणसं आजवर गाठीला नसतील, तर चेअरची पुढची मुदत घेण्याआधी तो वेळ त्या कामाला द्या.