मुलगा असला तरी अर्ज होतो: आदिवासी पीडित मुलांची भरपाई आणि मोफत वकील

"ही योजना बायकांची आहे." लैंगिक अत्याचार झालेल्या मुलासाठी भरपाई मागायला आंबेगाव, जुन्नर, मावळातून एसटी बदलत पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टापर्यंत आलेला बाप एवढं एक वाक्य ऐकून परत फिरतो. ते वाक्य चूक आहे. 2012 चा पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) अठराच्या आतल्या मुलालाही तेवढाच लागू होतो आणि भरपाई मुलग्यांनाही द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगून ठेवलंय. अशा पीडितांना भरपाई देणारी राज्याची मनोधैर्य योजनाही 'महिला व बालकां'साठी आहे. खिडकीवर दुसरा शब्द कुणी वाचत नाही, त्याला काय करणार!

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा; मोफत वकीलही तेच देतं. सोबत एफआयआरची प्रत (फुकट मिळते), वयाचा पुरावा, बँकेचं पासबुक आणि दवाखान्याचे असतील ते कागद. निकालासाठी थांबू नका. एफआयआर नोंदला की विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं.

घोडं अडतं ते वयावर. वीटभट्टीवर जन्मलेल्या कातकरी पोराची जन्मनोंद कुठल्या ग्रामपंचायतीत शोधायची? मग त्याला सरळ हाडांच्या तपासणीला धाडतात, अहवाल येतो 'सतरा ते एकोणीस', आणि केस डळमळते. बालन्याय कायद्याच्या कलम 94 मधला क्रम पाठच करा: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधारवरची तारीख या क्रमात कुठेच नाही. पोरगं वर्षभर जरी आश्रमशाळेत गेलं असेल तरी जनरल रजिस्टर बघायला लावा, नोंदीचा उतारा मागा. तो कशाला हवाय, हे मात्र शाळेत बोलू नका. तेवढ्यावरून वाडीभर गवगवा झालेला मी पाहिलाय. आणि वय धरतात ते घटनेच्या दिवशीचं. मुलगा आज वीस वर्षांचा असला तरी.

"घटनेला 72 तास उलटले, आता काय उपयोग?" हा दुसरा गैरसमज. ती घाई वैद्यकीय तपासणीत नमुने मिळावेत म्हणून असते. तक्रारीची मुदत ती नव्हे. गंभीर गुन्ह्यांना तर मुदतच नाही. वैद्यकीय तपासणी एफआयआरच्या आधीही होते.

आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटीचं कलमही विचारा. त्याच्या अर्थसाहाय्यासाठी जातीचा दाखला मागतात, आणि दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा रहिवास. वाडीत कुणाकडे असतो तो कागद? प्रांत कार्यालयात अर्ज टाकून ठेवा, पण तेवढ्यासाठी तक्रार अडवू देऊ नका.

अठरावरच्या पुरुषाची गत वाईट आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेतलं अनैसर्गिक संभोगाचं कलम 377 गेलं आणि बलात्काराच्या कलमात पीडित म्हणून पुरुष नाहीच. आधीच गडी लाजेनं बोलत नाही. बोललाच तर ठाण्यात त्यालाच विचारतात, कलम कुठलं लावू? मारहाण, डांबून ठेवणं, धमकी, जे घडलं ते सगळं लिहून घ्यायला लावा. वकील त्यालाही फुकट मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यात अनुसूचित जमातीला उत्पन्नाची अट नाही, तेव्हा तलाठ्याकडे चकरा नकोत. पात्रतेला प्रतिज्ञापत्र पुरू शकतं. विधी सेवेचा फोन 15100, मुलांसाठी 1098.