मोरचुदात बुडवलेला विळा

किमयेच्या, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करण्याच्या, नादाला लागलेला माणूस आधी पारा शोधायला निघतो. तेवढं करू नका. पाऱ्याची वाफ साध्या खोलीतही होत राहते. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. तिला रंग नाही, वास नाही, पण मज्जासंस्था आणि मूत्रपिंडं ती बिघडवते. घरी पाऱ्याचं भस्म करण्याचा खटाटोपही नको.

त्यापेक्षा काटोलकडची एखादी संत्र्याची बाग गाठा. खोडातून डिंक गळवणाऱ्या डिंक्या रोगासाठी तिथे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करतात: एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं कालवून मग एकत्र करायचं. फवारणीआधी त्यात विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला.

हा थर जुन्या किमयागारांच्या ओळखीचा. युरोपात खाणींतल्या निळसर पाण्यात लोखंड टाकलं की तांबं मिळे, आणि लोखंडच पालटलं असं भले भले विद्वान मानत. प्रत्यक्षात लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतात आणि पाण्यातलं तांबं ते इलेक्ट्रॉन घेऊन पात्यावर बसतं. ५६ ग्रॅम लोखंड गेलं की साधारण ६३.५ ग्रॅम तांबं येतं. पुरेसा चुना असला की तांबं न विरघळणाऱ्या रूपात अडकतं, म्हणून विळा तसाच राहतो. घरी काचेच्या ग्लासात चिमूटभर मोरचूद आणि घासलेला खिळा पुरे. मोरचूद विषारी आहे. तो ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

कुठलीही जुनी कृती वाचताना हाच हिशेब मांडावा: काय आलं, कुठून आलं, गेलं कुठे. रामटेकच्या डोंगरावर नागार्जुनाची, म्हणजे किमयेसाठी नावाजलेल्या जुन्या आचार्याची, गुहा दाखवतात. नागार्जुन नावाचे एकाहून अधिक जण होऊन गेले, त्यामुळे त्या गुहेवरून मी कुणाशी वाद घालत नाही. ‘रसरत्नसमुच्चय’ हा धातू-पाऱ्यावरचा जुना संस्कृत ग्रंथ मात्र हाती धरावा, पेन्सिल घेऊन. त्यात जस्त काढण्याची कृती आहे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्याची तापलेली वाफ हवा लागताच जळून पांढरी राख होते. म्हणून मूस (धातू तापवायचं मातीचं भांडं) उलटी, तोंड खाली, आणि वाफ पडणार खालच्या पाण्याच्या भांड्यात. राजस्थानात जावरला अशाच खाली तोंड केलेल्या मुशींच्या भट्ट्या उत्खननात सापडल्या. आकृती काढून वाफेची वाट रेखाटली की भट्टीविना निम्मी कृती कळते.

राहिलं सोनं. पाऱ्याच्या अणुकेंद्रात ८० प्रोटॉन, सोन्याच्या ७९. एकाचाच फरक, पण तिथवर कुठल्याही मुशीची आच पोचत नाही. 1941 मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉनांचा मारा करून सोनं मिळवलं. ते किरणोत्सर्गी निघालं, आणि काही दिवसांत त्याचा पुन्हा पारा झाला.