वधूचे टाके का सुटले?

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाला लागून, आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीय पाद्रीने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून नाव मिळवले. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेल्या आणि १९४५ साली उभारलेल्या या पुतळ्यात फारिया दोन्ही हात पसरून, मागे कलंडणाऱ्या एका स्त्रीवर ओणवले आहेत. फारिया कोण हे ठाऊक नसलेल्या माणसाला कोणी माथेफिरू शास्त्रज्ञ मेलेल्या बाईला उठवतो आहे असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. गंमत अशी की फारिया यांचे म्हणणे नेमके उलट होते. संमोहनकर्त्याच्या अंगातून कोणताही अदृश्य चुंबकीय प्रवाही पदार्थ निघून समोरच्याच्या अंगात शिरत नाही, जे काही घडते ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते, असे ते ठामपणे सांगत होते.

तेथून चालत जाण्याच्या अंतरावर गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी वास्तू आहे. पोर्तुगीज काळात १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे हे महाविद्यालय आता बांबोळीला आहे, आणि त्याच्या पणजीतल्या जुन्या आवारात २००४ पासून दर नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या प्रेक्षकांची वर्दळ असते. वैद्यक आणि चित्रपट यांनी एकच आवार वापरावे, ही गोष्ट मला ज्या चित्रपटाविषयी लिहायचे आहे त्याच्या स्वभावाला फार शोभून दिसते.

तो चित्रपट म्हणजे ब्रायन युझ्ना यांनी दिग्दर्शित केलेला, १९९० चा ‘ब्राइड ऑफ री-अॅनिमेटर’. स्टुअर्ट गॉर्डन यांच्या १९८५ च्या ‘री-अॅनिमेटर’चा हा पुढचा भाग असून दोन्हींचे मूळ एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या १९२१-२२ मधील कथामालिकेत आहे. जेफ्री कोम्ब्स यांनी साकारलेला डॉक्टर हर्बर्ट वेस्ट चमकदार हिरवा द्रव टोचून मृतांना उठवतो. दुसऱ्या भागात त्याची मजल आणखी पुढे जाते. वेगवेगळ्या मृतदेहांचे अवयव जमवून, ते शिवून तो एक अख्खी स्त्री तयार करतो आणि तिच्या छातीत आपल्या सहकाऱ्याच्या दिवंगत प्रेयसीचे हृदय बसवतो. पडद्यावर रक्त इतके सांडते की थोड्या वेळाने भीती ओसरते आणि हसू येऊ लागते. भरतमुनींनी बीभत्सातून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. येथे बीभत्सातून थेट हास्य निघते.

या चित्रपटातली सर्वांत खोटी गोष्ट हिरवा द्रव आहे, असे बहुतेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. मेलेल्या स्नायूला हलवणे ही फारशी अवघड गोष्ट नाही. निसर्ग ते फुकट दाखवतो. पहिल्या पावसात गोव्यात ‘जंपिंग चिकन’ या लाडक्या नावाने बेडूक खाण्याची जुनी खोड आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा ठरतो आणि ते योग्यच आहे. परंतु नुकत्याच सोललेल्या तंगड्यांवर मीठ पडले की त्या थडथडतात, हे जुन्या स्वयंपाकघरांनी पाहिलेले आहे. मिठातल्या सोडियमच्या आयनांमुळे, अजून जिवंत असलेल्या पेशींच्या पटलावरचा विद्युतभार ढळतो आणि स्नायू आकसतो. बेडूक मेलेला असतो, त्याचा स्नायू मात्र अजून मेलेला नसतो. इटलीत लुइजी गॅल्व्हानी यांनी याच प्राण्याच्या तंगड्यांवर विजेचे प्रयोग करून १७९१ साली निष्कर्ष छापले. त्यांचे भाचे जोव्हान्नी अल्दिनी यांनी १८०३ मध्ये लंडनमध्ये, फाशी दिलेल्या एका कैद्याच्या देहाला विद्युतघटाच्या तारा लावल्या, तेव्हा त्याचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. पाहणाऱ्यांना तो उठतो आहे असे वाटले. तो उठत नव्हता.

स्नायूची ही शिल्लक किती काळ टिकते, याचे उत्तर म्हापशाच्या मासळी बाजारात मिळते. बांगडा घेताना जाणती बाई आधी कल्ले उघडून लाल आहेत का पाहते, मग मासा डोक्याकडून धरून आडवा उचलते. शेपटी सरळ राहिली तर मासा ताजा, लोंबकळली तर पुढची पाटी बघायची. ती पाहते ते मरणोत्तर ताठरपण होय. स्नायूला आकसण्यासाठी एटीपी नावाच्या रेणूची ऊर्जा लागते हे आपण शाळेत शिकतो. मात्र आकसलेला स्नायू सैल होण्यासाठीही तोच रेणू लागतो, हे सहसा कोणी सांगत नाही. रक्त थांबले की प्राणवायू थांबतो, एटीपीचा साठा संपत जातो, आणि स्नायूतले दोन प्रकारचे तंतू एकमेकांना घट्ट धरून तसेच अडकून राहतात. माणसाच्या देहात हे ताठरपण मृत्यूनंतर दोन ते सहा तासांत दिसू लागते आणि साधारण बारा तासांत पूर्ण होते. पुढे प्रथिनेच विघटित होऊ लागली की देह पुन्हा सैल पडतो. उष्ण हवेत हे सारे लवकर उरकते. म्हणजे वेस्टच्या टेबलावरची शिळी प्रेते ज्या चपळाईने धावतात, त्यासाठी त्यांना उत्तेजक द्रव नव्हे, तर सर्वांगाला नव्याने एटीपी पुरवणारी यंत्रणा हवी.

ती यंत्रणा म्हणजे वाहते रक्त. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट कॉर्निश यांनी गुदमरवून मारलेल्या कुत्र्यांना फळीवर बांधून सी-सॉसारखे वरखाली झुलवले, अॅड्रिनलीन व रक्त न गोठू देणारे हेपॅरिन टोचले, आणि काही कुत्र्यांचे हृदय पुन्हा सुरूही केले. कुत्र्यांची नावे लाझरस, म्हणजे बायबलात कबरीतून उठलेल्या माणसाची. वेस्टचा खराखुरा पूर्वज शोधायचाच तर तो हा. पण उठलेली कुत्री पूर्वीसारखी झाली नाहीत, कारण मेंदू रक्ताची वाट पाहायला तयार नसतो. देहाच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव विसाव्या देहाचा सुमारे वीस टक्के प्राणवायू एकटा वापरतो. रक्त थांबल्यावर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशींची हानी सुरू होते.

मात्र ही हानी आपण समजत होतो तितकी झटपट पूर्ण होत नाही, हे अलीकडे कळले आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात नेनाद सेस्तान यांच्या गटाने कत्तलखान्यातून आणलेली ३२ डुकरांची डोकी घेतली. मृत्यूला चार तास उलटल्यावर त्यांच्या मेंदूंत सहा तास एक खास द्रव पंपाने फिरवला, तेव्हा अनेक पेशींनी साखर व प्राणवायू वापरण्यास पुन्हा सुरुवात केली. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. द्रवात चेतापेशींचा दंगा रोखणारी औषधे मुद्दाम घातली होती आणि संपूर्ण मेंदूची सुसूत्र विद्युत हालचाल दिसली नाही. जाणीव परतली नाही. २०२२ मध्ये त्याच गटाने संपूर्ण डुकरांवर हा प्रयोग केला. हृदय थांबून एक तास झाल्यावर पंप सुरू केला, आणि काही प्राण्यांच्या माना व डोकी आपोआप हलली. त्या क्षणी प्रयोगशाळेत उभे असलेल्यांना काय वाटले असेल, याची कल्पना मी अनेकदा केली आहे. वेस्ट टोचतो तसा हा द्रव एकदा टोचून भागत नाही. तो सतत फिरवावा लागतो, गाळावा लागतो, त्यात प्राणवायू मिसळावा लागतो.

जाता जाता, मृतदेहाला कापल्यावर कारंजे उडत नाही. रक्त उसळते ते हृदयाच्या दाबाने. तो दाब नसेल तर जखमेतून रक्त नुसते झिरपते, आणि हवेत राहिले की लालचे तपकिरी होत जाते. पडद्यावरचे लालभडक रक्त बहुतेक वेळा साखरेचा पाक आणि खाण्याचा रंग यांचे असते, आणि तसे ते दिसतेही. या चित्रपटात एका डॉक्टरच्या तुटलेल्या डोक्याला वटवाघळाचे पंख शिवले जातात व ते उडते. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोंचे असते. संध्याकाळी आपल्या झाडांवरून उडणाऱ्या मोठ्या फळखाऊ वटवाघळाचे वजन पंखांसकट दीड किलोच्या आसपास थांबते. त्या दृश्यावर हसणे हाच योग्य प्रतिसाद आहे.

खरा प्रश्न शिवणीचा आहे. शिवण्याची कला अस्तित्वात आहे आणि ती अक्षरशः शिवणकामातून आली आहे. १८९४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचा यकृताजवळची मोठी रक्तवाहिनी चिरली गेल्याने मृत्यू झाला, कारण फाटलेली वाहिनी शिवणे तेव्हा कोणाला जमत नव्हते. लियाँ येथील तरुण डॉक्टर अॅलेक्सिस कॅरेल यांनी भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुईचे टाके शिकून घेतले आणि दोन रक्तवाहिन्यांची तोंडे तीन ठिकाणी ताणून जोडण्याची पद्धत बसवली, जिच्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल मिळाले. वेस्ट चामडी शिवतो. कॅरेल नळ्या शिवत होते, आणि फरक तेथेच आहे. चेतातंतूंचे तर टाके घालूनही लगेच भागत नाही, कारण त्यांचे टोक दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढते. कोचीच्या अमृता रुग्णालयात २०१५ मध्ये भारतातले पहिले दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. अशा हाताची बोटे कामाला लागण्यासाठी महिने मोजावे लागतात, रात्र नव्हे.

त्याहून मोठी अडचण देहाच्या पहारेकऱ्यांची. प्रत्येकाच्या पेशींवर एचएलए नावाच्या प्रथिनांची ओळखपट्टी असते, आणि परकी पट्टी दिसली की पांढऱ्या पेशी हल्ला चढवतात. आधीपासून प्रतिपिंडे असतील तर काही मिनिटांत, नसतील तर दिवसा-आठवड्यांत बसवलेला अवयव नाकारला जातो. जोसेफ मरे यांनी १९५४ मध्ये बोस्टनला मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते जुळ्या भावांमध्ये, कारण दोघांची पट्टी एकच होती. वेस्टच्या वधूत तर हात एकीचे, पाय दुसरीचे, डोके तिसरीचे आणि हृदय चौथीचे. तिच्यात यजमान कोण आणि पाहुणा कोण हेच ठरत नाही. ज्या भागात या पांढऱ्या पेशी घडवणारी अस्थिमज्जा शिल्लक असेल तो भाग उरलेल्या सर्वांवर उठणार. चित्रपटाच्या शेवटी ती वधू आपलेच हृदय उपटून काढते आणि तिचे अवयव एकेक करून सुटे होतात. मरे यांना डॉनल टॉमस यांच्यासह नोबेल मिळाले तेही १९९० सालीच, आणि त्या वर्षी पडद्यावर कोसळणारी ही वधू, वेग सोडला तर, चित्रपटातले सर्वांत शास्त्रशुद्ध दृश्य आहे असे माझे मत आहे.

याच चित्रपटात पाच बोटे आणि एक डोळा जोडून केलेला इवलासा प्राणी इकडेतिकडे पळतो. डोळ्याची निवड अर्धी बरोबर आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पटलात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्याच नसतात. त्यामुळे तो हवेतून प्राणवायू घेतो, मृत्यूनंतर सहा तासांपर्यंत काढता येतो, आणि पहारेकऱ्यांची त्याच्यावर सहसा नजर पडत नाही. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्येच त्याचे यशस्वी प्रत्यारोपण केले होते. डोळ्याच्या मागच्या बाजूला मात्र दहा लाखांहून अधिक तंतूंची दृष्टिचेता असते आणि ती तुटली की जुळत नाही. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला प्रथमच संपूर्ण डोळा बसवण्यात आला. त्या डोळ्याच्या पडद्यात रक्त वाहते आहे. दिसत मात्र काही नाही.