बुबॉनचा शिर नसलेला पुतळा: मालकी कशावरून ठरली

तुर्कस्तानच्या नैऋत्य भागातील बुबॉन या प्राचीन नगरात सम्राटपूजेचे एक दालन होते. रोमन सम्राट आणि त्यांच्या आप्तांचे कांस्यपुतळे तिथे दगडी चौथऱ्यांवर उभे होते, आणि चौथऱ्यांवर त्यांची नावे कोरलेली होती. १९६०च्या दशकात आसपासच्या लोकांनी दालन खणले आणि पुतळे तस्करांच्या हाती गेले. एक धड १९६७ मध्ये सरकारच्या ताब्यात आले व बुर्दूरच्या संग्रहालयात पोचले. बाकीचे परदेशी गेले. तेव्हा लागू असलेल्या १९०६च्या उस्मानी (तुर्कस्तानच्या जुन्या साम्राज्याच्या) कायद्यानुसार जमिनीतून निघालेल्या प्राचीन वस्तू सरकारच्या मालकीच्या असत, त्यामुळे हे सौदे पहिल्या विक्रीपासूनच बेकायदा होते.

यांपैकी सुमारे १.९३ मीटर उंचीचा, अंगावर ग्रीक पद्धतीचे वस्त्र पांघरलेला पुतळा अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या कला संग्रहालयाने १९८६ मध्ये १८.५ लाख डॉलरना घेतला. शिर नसल्याने चेहऱ्यावरून ओळख पटणे शक्यच नव्हते. वस्त्र तत्त्वचिंतकाचे, म्हणून तो तत्त्वचिंतक रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस असावा असे मानले गेले. संग्रहालयाच्याच अभ्यासकांनी तेव्हा त्याचा संबंध बुबॉनशी जोडला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी जप्तीचा आदेश आणला, तेव्हा मात्र संग्रहालयाने पुतळ्याचे नाव बदलून फक्त ‘वस्त्रधारी पुरुष’ असे केले आणि ऑक्टोबरमध्ये मालकीचा दावा ठोकला. खरेदी करताना किंमत वाढवणारी ओळख परत करायची वेळ येताच नाकारणे, हे या प्रकरणातले सर्वांत न पटणारे पाऊल.

निकाल मात्र न्यायालयाबाहेर, तपासणीतून लागला. असे पुतळे चौथऱ्यावर बसवताना पायाखालच्या खाचेत वितळलेले शिसे ओतत. पुतळ्यासोबत राहिलेले शिसे आणि आतल्या पोकळीत अडकलेली माती तपासली गेली. पायाच्या तळाची त्रिमितीय प्रतिकृती करून ती बुबॉनच्या चौथऱ्यांवरील खाचांशी ताडून पाहिली. ती ज्या चौथऱ्याशी जुळली, त्यावर मार्कस ऑरेलियसचेच नाव होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये संग्रहालयाने दावा सोडला आणि जुलैमध्ये पुतळा तुर्कस्तानात परतला.

न्यूयॉर्कच्या एका मोठ्या संग्रहालयातला, बुबॉनचाच मानला जाणारा रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा पुतळा २०२३ मध्येच जप्त होऊन परत गेला होता. न्यूयॉर्कच्या कायद्यात चोरीच्या मालावर चांगल्या हेतूने केलेल्या खरेदीनेही मालकी मिळत नाही, त्यामुळे असे अनेक दावे तिथून सुरू होतात.