प्लिमथचा तो खडक: खुलासा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ काउंटीत, समुद्रकाठी, खांबांच्या छत्राखाली एक खडक जपून ठेवलाय. त्यावर कोरलंय १६२०. 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेल्या इंग्रजांनी अमेरिकेत पहिलं पाऊल ठेवलं ते याच खडकावर, असं सर्रास सांगितलं जातं.

मुळात पहिलं पाऊल इथं पडलंच नाही. १६२० च्या नोव्हेंबरात जहाज नांगरलं ते केप कॉडच्या टोकाशी, आजच्या प्रॉव्हिन्सटाउनला. प्लिमथला ही मंडळी पोचली डिसेंबरात. विल्यम ब्रॅडफर्ड आणि एडवर्ड विन्स्लो हे दोघंही त्याच जहाजातले, दोघांनीही लिहून ठेवलंय. खडकाचा उल्लेख मात्र एकाच्याही लिखाणात नाही.

मग खडक आला कुठून? १७४१ मध्ये तिथं धक्का बांधायचं ठरलं, तेव्हा नव्वदी ओलांडलेले थॉमस फॉन्स पुढे आले आणि 'हाच तो' म्हणाले. वडिलांकडून ऐकलेलं, आणि वडीलही १६२३ मध्ये आलेले! म्हणजे ऐकीव गोष्ट, तीही सव्वाशे वर्षांनी. १७७४ मध्ये बैल जुंपून तो हलवायला गेले, तर दोन तुकडे झाले. वरचा तुकडा गावात गेला. १८८० मध्ये तो परत आणून सिमेंटनं जोडला. आकडाही तेव्हाच कोरला.

शिवाय जागा ओसाड नव्हती. ते होतं वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांचं पाटुक्सेट गाव, काही वर्षं आधीच साथीनं रिकामं झालेलं. त्यांनी साफ केलेली शेतं इंग्रजांना आयतीच मिळाली.